जुन्या फोनला कोणाचा नकाशा द्यावा?

नवा फोन घरात आला की जुना कपाटाच्या खणात जातो. त्याची बॅटरी लवकर उतरते, काचेला तडा गेलेला असतो, व्हॉट्सअ‍ॅप उघडायला वेळ लागतो. पण उपग्रहांचे संदेश टिपणारा त्याच्या आतला भाग सहसा शाबूत असतो आणि रस्ता दाखवायला तेवढा पुरतो. त्याच्या जोडीला दोनच गोष्टी लागतात: फोनमध्ये आधीच साठवलेला नकाशा आणि तो वाचून वाट काढणारं सॉफ्टवेअर.

जामखेड तालुक्यात अशा फोनला काम भरपूर आहे. अहिल्यानगर जिल्ह्याच्या आग्नेय टोकाच्या या तालुक्याला बीड, धाराशिव आणि सोलापूर या तीन जिल्ह्यांच्या सीमा भिडतात. गावाला रेल्वे नाही, सगळं येणंजाणं रस्त्याने. अहिल्यादेवी होळकरांचं जन्मगाव चौंडी इथलं. १७९५ मध्ये मराठे आणि निजाम यांची लढाई झाली ते खर्डा इथलं. बीड जिल्ह्याची हद्द ओलांडली की लगेच सौताड्याचा धबधबा. या ठिकाणांना बाहेरगावची माणसं सतत येतात. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेला ग्रामीण आरोग्य प्रकल्प पाहायला तर परदेशातूनही येतात आणि त्यातल्या अनेकांच्या खिशात इथलं सिम कार्ड नसतं. तालुक्यातून बाहेर जाणारेही कमी नाहीत. जामखेड, आष्टी, पाटोदा या पट्ट्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रॅक्टर चालवणाऱ्याला सांगली-कोल्हापूरकडचा किंवा थेट कर्नाटकातला कारखाना गाठायचा असतो.

नेटवर अवलंबून राहता येत नाही याची कारणं दोन. एक भूगोलाचं: तालुक्याला बालाघाटाचे डोंगर लागून आहेत, घाटात आणि खोलगट भागात टॉवर आड जातो. दुसरं फोनच्या वयाचं. अनेक जुने स्मार्टफोन ३जी पर्यंतचेच होते. जिओ २०१६ मध्ये आलं ते फक्त ४जी घेऊन. एअरटेलने २०१९ पासून आपलं ३जी जाळं गुंडाळायला घेतलं, इतरांनीही पुढे तोच मार्ग धरला. असा फोन आज फार तर २जी वर चालतो आणि २जी वर ऑनलाइन नकाशाचे तुकडे भरेपर्यंत वळण मागे पडतं.

म्हणून प्रश्न उरतो तो ऑफलाइन सॉफ्टवेअरच्या निवडीचा. या निवडीची चर्चा बहुतेक वेळा अ‍ॅपच्या सोयींभोवती फिरते: कोणाचा पडदा देखणा, कोणाचा आवाज गोड. जामखेडसारख्या ठिकाणी मात्र ती नकाशातल्या माहितीपासून सुरू करावी लागते. अ‍ॅप कितीही चांगलं असलं तरी त्याच्या नकाशात तुमची वस्ती नसेल, तर ते तुम्हाला तिथे नेऊ शकत नाही.

नेट नसताना जागा कशी कळते?

जीपीएस म्हणजे इंटरनेट असा समज पक्का आहे, पण दोघांचा थेट संबंध नाही. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटरवरून फिरतात आणि सतत वेळेचा संदेश सोडतात. तो निघाल्यापासून फोनपर्यंत पोचायला किती वेळ लागला, यावरून त्या उपग्रहाचं अंतर निघतं. तीन उपग्रहांची अंतरं मिळाली की जागा ठरते. फोनचं घड्याळ उपग्रहातल्या अणुघड्याळाइतकं अचूक नसतं, त्याची चूक काढायला चौथा उपग्रह लागतो. एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतरात ३०० मीटरचा फरक पडतो. या सगळ्यात फोन फक्त ऐकतो. तो उपग्रहाकडे काही पाठवत नाही, त्यामुळे सिम, रिचार्ज, टॉवर यांची गरज पडत नाही. उघड्या आभाळाखाली साध्या फोनलाही सुमारे ५ मीटरपर्यंत अचूक जागा मिळते.

मग नेट बंद असताना जुना फोन कधीकधी बराच वेळ ‘शोधत आहे’ एवढंच का दाखवतो? प्रत्येक उपग्रह नेमका कुठे आहे याची माहितीही उपग्रहच पाठवतो, पण अतिशय सावकाश, सेकंदाला ५० बिट. एका उपग्रहाचा स्वतःचा ठावठिकाणा पूर्ण यायला साधारण अर्धं मिनिट लागतं आणि सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक यायला साडेबारा मिनिटं. नेट असेल तेव्हा फोन हीच माहिती इंटरनेटवरून झटकन घेतो. नेट नसेल तर त्याला आकाशातूनच ती पूर्ण ऐकावी लागते. मध्येच झाडी किंवा इमारत आड आली की पुन्हा पहिल्यापासून.

उपाय सोपा आहे. निघण्यापूर्वी घरच्या वाय-फायवर किंवा दुसऱ्या फोनच्या हॉटस्पॉटवर, अंगणात उभं राहून एकदा लोकेशन पकडू द्यावं. उपग्रहांच्या ठावठिकाण्याची ही माहिती दोन-चार तास उपयोगी पडते. तेवढ्या वेळात पुन्हा अ‍ॅप उघडलं तर जागा काही सेकंदांत सापडते.

फोनची तारीख आणि वेळही बरोबर असावी. जीपीएसच्या मूळ रचनेत आठवडे १०२४ पर्यंतच मोजले जातात आणि मग आकडा पुन्हा शून्यावर येतो. असा फेरा ६ एप्रिल २०१९ च्या रात्री पूर्ण झाला आणि दुरुस्ती न मिळालेली काही जुनी यंत्रं त्यानंतर भलतीच तारीख दाखवू लागली.

आधी फोन तपासा

सेटिंगमधल्या ‘फोनबद्दल’ या पानावर अँड्रॉइडची आवृत्ती, रॅम आणि मोकळी जागा दिसते. बरेच पर्याय इथेच गळतात.

अँड्रॉइड ४.४ किंवा त्याहून जुन्या फोनसाठी गुगलने ऑगस्ट २०२३ पासून प्ले सर्व्हिसेसचे अपडेट बंद केले. अशा फोनवर प्ले स्टोअरमधून नवं अ‍ॅप चढवणं जवळजवळ अशक्य होतं. एफ-ड्रॉइड या मुक्त सॉफ्टवेअरच्या भांडारात अ‍ॅपच्या जुन्या आवृत्त्याही ठेवलेल्या असतात, तिथून काही हाती लागू शकतं. पण जुन्या आवृत्तीला नव्या नकाशाची फाइल वाचता येईलच असं नाही. म्हणून एखादा लहानसा नकाशा घालून आधी पाहावं. अँड्रॉइड ५ पासून पुढे निवडीला चांगला वाव आहे.

दुसरी अडचण डाउनलोडची. फोनमध्ये विश्वासार्ह सुरक्षा-प्रमाणपत्रांची एक यादी असते आणि अपडेट न मिळालेल्या फोनमध्ये ती शिळी होते. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था जगभरातल्या असंख्य वेबसाइटना प्रमाणपत्रं देते, पण अँड्रॉइड ७.१.१ पेक्षा जुने फोन तिचं मूळ प्रमाणपत्र ओळखत नाहीत. नकाशा उतरवताना कारण न सांगता ‘एरर’ आली, तर फोन बिघडला असं समजू नये. तीच फाइल घरातल्या दुसऱ्या फोनवर किंवा संगणकावर उतरवून मेमरी कार्डाने अ‍ॅपच्या फोल्डरमध्ये टाकली, तरी अनेकदा काम भागतं.

तिसरी गोष्ट होकायंत्राची. स्वस्त फोनमध्ये चुंबकीय सेन्सर अनेकदा वगळलेला असतो. असा फोन तुम्ही उभे असताना तोंड कोणत्या दिशेला आहे हे सांगू शकत नाही. गाडी चालू झाली की जागेतल्या बदलावरून त्याला दिशा कळते, म्हणून गाडीवर फारसं अडत नाही. पायी चालणाऱ्याला मात्र तिठ्यावर वीस-पंचवीस पावलं टाकून बाण कुठे वळतो ते पाहावं लागतं. फोन पायवाटेसाठी हवा असेल तर हा सेन्सर आहे का, हे आधी बघा.

रॅम १ जीबी असेल तर हलकं अ‍ॅप लागेल. वाट शोधणं म्हणजे हजारो चौक आणि त्यांना जोडणारे रस्ते यांतून सगळ्यात कमी वेळाचा माग काढणं. ऑनलाइन नकाशात हे गणित दूरच्या संगणकावर होतं, ऑफलाइनमध्ये ते तुमच्याच फोनला करावं लागतं. जामखेड ते खर्डा हे त्याला सोपं. जामखेड ते कोल्हापूर विचारलं तर काही अ‍ॅप जुन्या फोनवर बराच वेळ घेतात, कधी मध्येच बंद पडतात. अशा वेळी टप्पे पाडून विचारावं: आधी करमाळा, मग पुढचं गाव.

जुना फोन म्हणून ऑफलाइन दिशादर्शन झेपणारच नाही, असंही मानू नये. नोकियाने जानेवारी २०१० मध्ये आपल्या निवडक फोनवर ओव्ही मॅप्सचं दिशादर्शन मोफत केलं. त्यात १२८ एमबी रॅमचा नोकिया ५८०० होता आणि नकाशे फोनमध्येच साठवले जात. आज खणात पडलेला सगळ्यात साधा स्मार्टफोनही त्याच्या कितीतरी पुढचा आहे.

नकाशा कोणाचा?

अ‍ॅप दहा दिसले तरी त्यांच्यामागे नकाशाची मूळ माहिती मोजक्याच ठिकाणची असते.

पहिली गुगलची स्वतःची. दुकानं, दवाखाने, मंगल कार्यालयं, पेट्रोल पंप यांची नोंद इथे सहसा सगळ्यात भरघोस, कारण दुकानदार स्वतःच ती घालतात. जुलै २०२२ मध्ये भारतात स्ट्रीट व्ह्यू सुरू झालं तेव्हा पहिल्या दहा शहरांत मुंबई-पुण्यासोबत आपलं अहिल्यानगरही होतं. पण ती चित्रं बघायला नेट लागतं.

दुसरी ओपनस्ट्रीटमॅपची. स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू केलेला हा उपक्रम लोकांनी भरलेला, कोणालाही वापरता येणारा नकाशा आहे. ऑर्गॅनिक मॅप्स, कोमॅप्स, ऑस्मअँड ही सगळी अ‍ॅप याच माहितीवर चालतात. त्यामुळे त्यातल्या एकात एखादा रस्ता नसेल, तर दुसऱ्यात तो सापडण्याची आशा कमी.

तिसरी व्यावसायिक नकाशा कंपन्यांची. हिअर ही त्यातली मोठी. नोकियाच्या नकाशा विभागातून ती वाढली आणि २०१५ मध्ये आउडी, बीएमडब्ल्यू आणि डाइमलर या जर्मन मोटार कंपन्यांनी मिळून विकत घेतली. तिच्या ‘हिअर वुइगो’ या अ‍ॅपमध्ये नकाशे उतरवून ऑफलाइन दिशा मिळते. सिजिक या स्लोव्हाक अ‍ॅपमागे टॉमटॉमचे नकाशे आहेत, मात्र त्याच्या महत्त्वाच्या सोयींना पैसे पडतात.

याचा व्यवहारी अर्थ असा की चार अ‍ॅप चढवून जागा भरण्यापेक्षा दोन वेगवेगळ्या माहितीसाठ्यांवरचं एकेक अ‍ॅप ठेवावं. एकाने गाव चुकवलं तर दुसरं उपयोगी पडतं.

हाताशी असलेले पर्याय

*गुगल मॅप्स* बहुतेक फोनवर आधीपासून असतं. त्यात चौकट आखून तेवढा भाग उतरवता येतो. ती चौकट फक्त जामखेडभोवती आखली तर आष्टी, पाटोदा, भूम, परांडा, करमाळा बाहेर राहतील, आणि इथली निम्मी कामं तिकडचीच असतात, म्हणून ती मोठी आखावी. ऑफलाइन असताना गुगल फक्त चारचाकीची दिशा देतं. पायी, सायकल किंवा एसटीचा मार्ग मिळत नाही, पर्यायी रस्ते आणि कोंडीची माहिती दिसत नाही. दुचाकीसाठीची वेगळी सोय २०१७ पासून भारतात आहे, पण तीही नेट असतानाच. शिवाय उतरवलेले नकाशे ठरावीक मुदतीनंतर नव्याने घ्यावे लागतात. खणात सहा-आठ महिने पडलेल्या फोनच्या बाबतीत हे मुद्दाम तपासावं.

*ऑर्गॅनिक मॅप्स* जुन्या फोनसाठी पहिला प्रयत्न करण्याजोगं आहे. याचं मूळ मॅप्सविथमी नावाच्या अ‍ॅपमध्ये आहे. तेच पुढे मॅप्स.मी झालं, २०१४ मध्ये एका रशियन कंपनीकडे गेलं आणि २०२० मध्ये पुन्हा विकलं गेलं. जाहिराती आणि अनावश्यक सोयींनी ते जड होत गेल्यावर मूळ निर्मात्यांपैकी काहींनी खुल्या असलेल्या कोडवरून २०२१ मध्ये ऑर्गॅनिक मॅप्स काढलं. जाहिराती नाहीत, पाळत नाही, अँड्रॉइड ५ वर चालतं, वाट झटकन काढतं. नकाशे राज्यवार उतरतात आणि किती जागा लागेल ते आधीच दिसतं. गाडी, सायकल, पायी असे प्रकार आहेत, मोटारसायकलसाठी वेगळा नाही. त्याच्या कारभारावरून वाद झाल्यानंतर २०२५ मध्ये काही कार्यकर्त्यांनी *कोमॅप्स* हे भावंड वेगळं काढलं. वापरणाऱ्याला सध्या दोन्ही जवळपास सारखीच वाटतील.

*ऑस्मअँड* २०१० पासून आहे. सोयींच्या बाबतीत ते सगळ्यांत भरलेलं आणि म्हणून जुन्या फोनवर सगळ्यांत जड. मोटारसायकल आणि ट्रकसाठी वेगळे प्रकार, ट्रकची उंची, वजन, लांबी भरण्याची सोय, चाललेल्या वाटेची नोंद, सगळं त्यात सापडतं. प्ले स्टोअरवरच्या मोफत आवृत्तीत नकाशे सातच उतरवता येतात, एफ-ड्रॉइडवरच्या आवृत्तीला ती मर्यादा नाही. जागा कमी असलेल्यांसाठी त्यात एक कामाची सोय आहे: ‘फक्त रस्ते’ असलेला नकाशा. इमारती, शेतं वगळल्याने फाइल बरीच लहान होते.

ऊसतोडीच्या टोळीबरोबर जाणाऱ्याने महाराष्ट्राबरोबर कर्नाटकाचाही नकाशा घ्यावा. कारखाना बेळगाव जिल्ह्यात असेल तर निपाणी येण्याआधीच महाराष्ट्राची फाइल संपलेली असते. आणि ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडल्या आहेत हे कोणत्याही अ‍ॅपला आपोआप कळत नाही. ऑस्मअँडमध्ये लांबी भरली तरी समोरचा पूल किती अरुंद आहे याची नोंद नकाशात असेल तरच ती उपयोगी.

माहितीच्या रस्त्यावर परीक्षा घ्या

अ‍ॅप निवडायचं तर त्याला अशा गावाची वाट विचारावी जिथली प्रत्येक खोच आपल्याला ठाऊक आहे. डेटा आणि वाय-फाय बंद करून पुढचे प्रश्न विचारावेत.

जामखेडहून कर्जत. हा नावाच्या गोंधळाचा प्रश्न आहे. शेजारचा कर्जत तालुका आपल्याच जिल्ह्यात, पण दुसरं कर्जत रायगड जिल्ह्यात, मुंबई-पुणे लोहमार्गावर. चांगलं अ‍ॅप दोन्ही दाखवून जिल्हा किंवा अंतर समोर मांडतं. कच्चं अ‍ॅप दूरचं कर्जत वर आणतं. खुद्द जामखेड नावाचं गाव जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यातही आहे, आणि आष्टी बीडमध्ये आहे तशी वर्ध्यातही. यादीतल्या पहिल्या नावावर बोट ठेवण्यापूर्वी अंतराचा आकडा बघायची सवय यातूनच लागते.

जामखेडहून चौंडी. रोमन लिपीत हे गाव दोन-तीन पद्धतींनी लिहिलं जातं. देवनागरीत टाइप करून सापडतं का, एक अक्षर इकडेतिकडे झालं तर अ‍ॅप सांभाळून घेतं का, ते पाहावं. ३१ मे रोजी अहिल्यादेवींच्या जयंतीला चौंडीत मोठी गर्दी लोटते आणि अशा गर्दीत सगळ्यांचंच नेट रेंगाळतं. त्या दिवशी साठवलेला नकाशाच कामाचा.

जामखेडहून जिल्ह्याचं ठिकाण. अंतर सुमारे ७५ किलोमीटर. अहमदनगरचं अहिल्यानगर २०२४ मध्ये झालं, उस्मानाबादचं धाराशिव आणि औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर २०२३ मध्ये. नकाशा जुना असेल तर त्यात जुनंच नाव सापडेल, म्हणून नवं टाकून काही आलं नाही तर जुनं टाकावं. आपण बोलताना म्हणतो ते नुसतं ‘नगर’ मात्र टाकू नये. मग राज्यभरातली नगरं पुढ्यात येतात.

शेवटचा प्रश्न आपल्याच वस्तीचा. गावठाणापासून दूरच्या वस्त्या, शिवरस्ते, पाणंद रस्ते इथे नकाशाची खरी परीक्षा होते. वस्ती नावाने सापडली नाही तर जिल्हा परिषदेची शाळा किंवा देऊळ टाकून पाहावं. तेही नसेल तर अक्षांश-रेखांश उरतातच. ज्याच्याकडे जायचं त्याने आपल्या फोनवर लोकेशन काढून दोन आकडे एसएमएसने पाठवले की झालं. जामखेड गाव साधारण १८.७ उत्तर आणि ७५.३ पूर्व इथे येतं. दशांश चिन्हापुढे चार अंक दिले तर जागा अकरा-बारा मीटरच्या आत ठरते, म्हणजे घराचं अंगणच. एसएमएस २जी वर सहज जातो आणि हे आकडे कोणत्याही नकाशा-अ‍ॅपला कळतात.

आवाज आणि बॅटरी

दुचाकीवर पडद्याकडे बघणं धोक्याचं, म्हणून बोलून सांगणारं अ‍ॅप हवं. मराठीत सूचना मिळणं दोन गोष्टींवर ठरतं: अ‍ॅपमध्ये मराठी वाक्यं आहेत का, आणि ती वाचून दाखवणारा मराठी आवाज फोनमध्ये उतरवलेला आहे का. हा आवाज अ‍ॅपमध्ये नसतो. फोनच्या सेटिंगमधल्या ‘टेक्स्ट-टू-स्पीच’ या भागात तो मिळतो आणि नेट असतानाच उतरवून ठेवावा लागतो. तो केला नसेल तर सूचना इंग्रजीत येतात किंवा येतच नाहीत. मराठी जमलं नाही तर हिंदीचा आवाज बघावा.

बॅटरी सगळ्यात जास्त खातो तो पडदा. आवाज चालू असेल तर दोन वळणांच्या मधल्या लांब पल्ल्यात पडदा बंद ठेवता येतो. मे महिन्याच्या उन्हात हँडलवर लावलेला जुना फोन तापून बंद पडू शकतो, त्यापेक्षा वरच्या खिशात ठेवून कानात इअरफोनचं एक बोंड घालणं बरं. बॅटरी फुगलेली, पाठचं झाकण उचललेलं दिसलं तर मात्र तो फोन वापरूच नये.

नकाशाला जे कळत नाही

जानेवारी २०२१ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात एक मोटार रात्री पाण्यात गेली. पिंपळगाव खांड धरणाचं पाणी चढलं की कोतुळकडचा जुना पूल बुडतो आणि तो रस्ता बंद होतो. गावकऱ्यांना हे पाठ होतं. कळसूबाईकडे निघालेल्या बाहेरगावच्या प्रवाशांना नव्हतं, आणि फोनवरच्या नकाशाने तोच रस्ता दाखवल्याच्या बातम्या तेव्हा आल्या. दोघे वाचले, चालक बुडाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या अर्धवट पुलावरून मोटार खाली कोसळून तिघांचा जीव गेला, तेव्हाही चर्चा नकाशाचीच झाली.

नेट असूनही जे कळलं नाही, ते साठवलेल्या नकाशाला कळण्याची शक्यता आणखी कमी. आज सीना नदीला पूर आहे, फरशी पुलावरून पाणी वाहतंय, घाटात काम चालू आहे, हे त्याला ठाऊक नसतं. काळ्या रानातली पाणंद जानेवारीत पक्क्या रस्त्यासारखी असते, जुलैमध्ये तिच्यात ट्रॅक्टरही रुततो. नकाशावर दोन्ही वेळी रेघ तीच. कच्चे रस्ते टाळण्याचा पर्याय ऑर्गॅनिक मॅप्स, कोमॅप्स आणि ऑस्मअँडमध्ये असतो आणि पावसाळ्यात तो जरूर चालू ठेवावा. पण रस्ता कच्चा आहे अशी नोंद कोणीतरी केलेली असेल तरच तो चालतो. रात्री, पावसात, अनोळखी भागात अ‍ॅप आडवाट सुचवत असेल, तर टपरीवर किंवा पंपावर विचारून पुढे जाणं केव्हाही शहाणपणाचं.

भर घालणं आपल्या हाती

ओपनस्ट्रीटमॅपच्या बाजूने सगळ्यात मोठी गोष्ट ही की त्यातली उणीव आपण भरून काढू शकतो. ऑर्गॅनिक मॅप्समध्येच शाळा, देऊळ, दवाखाना अशी ठिकाणं घालता येतात. नोंद ऑफलाइन करून ठेवायची, नेट मिळालं की आपल्या ओपनस्ट्रीटमॅप खात्यावरून ती पाठवायची. नवा रस्ता मात्र अ‍ॅपमधून काढता येत नाही. त्यासाठी संगणकावर ओपनस्ट्रीटमॅपच्या संपादकात उपग्रहचित्रावरून रेघ ओढावी लागते, आणि रस्ता डांबरी, खडीचा की मातीचा हे तिथेच लिहिता येतं. पाळायचा नियम एक: स्वतः पाहिलेलं किंवा पक्कं माहीत असलेलंच भरायचं, दुसऱ्या कंपनीच्या नकाशातून उतरवायचं नाही. केलेली भर अ‍ॅपमध्ये दिसायला त्या नकाशाची पुढची आवृत्ती निघून ती फोनमध्ये यावी लागते.

तालुक्याच्या महाविद्यालयातल्या पाच-सहा मुलांनी मनावर घेतलं, तर दिवाळीच्या सुट्टीत एका गावाच्या सगळ्या वस्त्या आणि पाणंद रस्ते नकाशावर येऊ शकतात. मग रात्रीच्या रुग्णवाहिकेला, पार्सल आणणाऱ्या पोराला आणि पाहुण्याला तोच नकाशा उपयोगी पडेल.

तर जामखेडमधल्या जुन्या फोनला काय द्यावं? रॅम एक-दोन जीबी असेल तर ऑर्गॅनिक मॅप्स किंवा कोमॅप्स, त्यात महाराष्ट्राचा पूर्ण नकाशा. जागा उरली तर जोडीला गुगलची मोठी चौकट, कारण तिची माहिती वेगळ्या साठ्यातली. ट्रक चालवणाऱ्याने, डोंगरवाटा धुंडाळणाऱ्याने किंवा मोटारसायकलवर लांब जाणाऱ्याने, फोनला झेपत असेल तर ऑस्मअँड घ्यावं. यातल्या कोणत्याही अ‍ॅपमध्ये खर्डा, चौंडी, कर्जत आणि आपली वस्ती नेट बंद असताना सापडली, तर फोन कामाला लावायला हरकत नाही. पहिली तीन सापडून वस्तीच सापडली नाही, तर अ‍ॅप बदलण्यात वेळ घालवू नका. त्या वस्तीची नोंद नकाशात करा.